जीभ दाखवणारी बाई

शेजारच्या घरी परवा बाळ आलं. पाहायला गेले, हात धुतले, आणि गप्पा मारता मारता माझी करंगळी आपोआप त्याच्या जिभेखाली शिरली. बाळाची आई दचकली. आजी म्हणाली, "काकू, हे काय करून राह्यल्या?" मी म्हटलं, "काही नाही, सवय आहे." नोकरी सुटून कितीतरी वर्षं झाली. कान गेले, गुडघे गेले, पण या करंगळीला अजून कुणी निवृत्त केलेलं नाही. ती हे कुठे शिकली ते मी आजवर घरच्यांनाही धड सांगितलेलं नाही. यंदा दिवाळी अंकासाठी काही लिहा म्हणून मागणी आली, तेव्हा म्हटलं, आता सांगून टाकावं.

माझं माहेर कळंबचं. मुंबई राज्याचा महाराष्ट्र व्हायच्या दोन वर्षं आधी मी नर्सबाई म्हणून नोकरीला लागले आणि पहिलीच नेमणूक मुकुटबनकडच्या एका गावात झाली. एक खोली, एक कपाट, एक झोळीचा काटा, कात्री-चिमटे उकळायला एक भांडं आणि आजूबाजूची अकरा गावं. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, तेही नाल्याला पाणी नसेल तर. बाळंतपणं मी पुष्कळ केली आणि त्यांचा मला गर्वही आहे. पण ही गोष्ट त्या गर्वाची नाही.

कापूस वेचणीचे दिवस होते. एका सकाळी हिरामण नावाचा तरुण शेतकरी बंडी, म्हणजे बैलगाडी, घेऊन दारात उभा राहिला. तो आमच्यापासून सहा-सात मैलांवरच्या तांड्यातला. तांडा म्हणजे बंजारा लोकांची वस्ती. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. आता सगळे आपापली वावरं कसून राहिलेले. हिरामण म्हणाला, "सहा दिवसाची पोरगी हाये, बाई. दूध धरते अन् सोडते."

त्याचा 'र' नीट उमटत नव्हता, 'पोरगी'चं 'पोलगी' होत होतं. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. इथेही त्याचं बोलणं मी सरळच लिहिते.

मी पिशवी उचलून बंडीत बसले. गाव मागे पडलं. मग तो म्हणाला, "याच्या आधीचे दोन गेले."

"कशानं?"

"असंच. दूध सोडलं अन् गेले." मग मागे न पाहताच म्हणाला, "घरी माही याडी हाये." याडी म्हणजे आई. "मुकी हाये. ती पोरीजवळ आली तर येऊ देऊ नका."

"का बरं?"

"ती जीभ दाखवते. दोन्ही वेळा तिनं जीभ दाखवली, अन् पोरं गेली."

पोचलो तेव्हा ऊन थेट डोक्यावर होतं. सगळा तांडा वेचणीला गेलेला. दारं उघडी, अंगणं झाडलेली आणि माणूस एक नाही. कुत्री सावलीत पडून नुसती बघत होती, भुंकत नव्हती. हिरामणनं बंडी सोडली आणि तो दारातच थांबला. मी आत गेले.

ज्यांनी कापसाचं घर पाहिलं नाही त्यांना सांगते. वेचलेला कापूस विकेपर्यंत घरातच रचतात. अर्धी खोली, कधी पाऊण खोली, पार आढ्यापर्यंत पांढरी. अशा खोलीत आवाज टिकत नाही. आपण बोललेलं आपल्याच तोंडापाशी संपून जातं. उरलेल्या कोपऱ्यात बाजेवर पारू, म्हणजे हिरामणची बायको, बाळाला घेऊन बसली होती. मी बोलले ते तिला दोनदा सांगावं लागलं.

बाळ तिनं पाजायला घेतलं. बाळानं तोंड उघडलं, धरलं, दोन घोट ओढले, आणि टक् असा बारीक आवाज झाला. पुन्हा धरलं. पुन्हा टक्. पाचसहा वेळा असं झालं आणि बाळ दमून झोपलं. पारूच्या स्तनाग्रांना चिरा पडल्या होत्या. मी शिकलेली बाई. मी काट्यावर बाळ तोललं, आईचे डोळे पाहिले, अंगात रक्त कमी आहे म्हणून सांगितलं, दूध-पावडरीचा डबा काढला. बाळाचं तोंड मी पाहिलं ते बाहेरून. ओठ, टाळू, बस. जिभेखाली पाहायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

पावडर कशी कालवायची ते सांगत असताना मला पुन्हा ऐकू आलं. टक्.

बाळ झोपलेलं होतं. पारूनं पदर सारखा केलेला होता. आवाज कापसातून आला होता.

मी वळले. कापसाची रास आणि भिंत यांच्यामधल्या सांदीतून एक म्हातारी बाहेर येत होती. घागरा, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, केसांत आणि पापण्यांवर कापसाचे तंतू. ती माझ्यासमोर उभी राहिली, तोंडानं टक् असा आवाज केला, बाळाकडे बोट दाखवलं, आणि मग तिनं तोंड उघडलं. इतकं मोठं की जबडा निखळेल असं वाटावं. आतून आवाज आला नाही. जीभ वर यायला धडपडत होती आणि येत नव्हती, जणू कुणीतरी तिला खालून धरून ठेवलं होतं. जिभेचं टोक मधोमध दुभंगल्यासारखं दिसलं. तिच्या करंगळीचं नख वाढवलेलं होतं. ते तिनं स्वतःच्या जिभेखाली घातलं, ओढल्यासारखं केलं, आणि तेच नख पुढे धरून ती बाळाकडे निघाली.

पारू ओरडली नाही. ती बाळासकट भिंतीकडे वळली आणि तशीच पाठ करून बसली. तिच्या पाठीवरून कळत होतं की हे तिनं पूर्वीही केलेलं आहे.

मी काय केलं? नोकरीच्या भाषेत सांगायचं तर भेट आटोपती घेतली. खरं सांगायचं तर मी पळाले. म्हातारीला हातानं बाजूला सारलं, पिशवी उचलली आणि बंडीत जाऊन बसले. मॅट्रिक झालेली, ट्रेनिंग घेतलेली मी. हिरामणनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता बैल जुंपले. मला तेव्हा त्याची दया आली होती, आई असली म्हणून.

तिसऱ्या दिवशी पोरगी गेल्याचा निरोप आला. मी रजिस्टरात 'अशक्तपणा' असं लिहिलं. पुढे दीड वर्ष मी त्या बाजूला जायचं टाळलं. काही ना काही कारण निघायचं.

त्यानंतर मला तीन महिन्यांच्या शिक्षणासाठी यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे एक बाई आपल्या सोळा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलगी बोबडं बोलायची, आणि पाहायला आलेली मंडळी तिचं बोलणं ऐकून उठून जायची. डॉक्टर म्हातारे होते, शांत. त्यांनी मला बॅटरी धरायला सांगितली आणि मुलीला म्हणाले, "जीभ बाहेर काढ." जीभ ओठांच्या बाहेर आलीच नाही. "आता वर उचल." मुलीनं तोंड मोठं उघडलं आणि मला कापसाच्या घरातली म्हातारी दिसली. तीच धडपड, तेच दुभंगलेलं टोक.

"सिस्टर," डॉक्टर म्हणाले, "उजेड हलतोय."

त्यांनी त्या दिवशी जे सांगितलं ते मी पुढे शेकडो आयांना सांगितलं. आपल्या सगळ्यांच्याच जिभेखाली मधोमध एक पातळ पडदा असतो. आरशात पाहिला तर दिसेल. कुणाचा तो आखूड असतो किंवा पार टोकापर्यंत आलेला असतो, आणि जीभ तळाशी बांधली जाते. बाळ दूध ओढतं ते मुख्यतः जिभेच्या जोरावर. जीभ पुढे येते, पन्हळीसारखी होते आणि लाटेसारखी मागे जाते. बांधलेली जीभ मधेच सटकते आणि टक् असा आवाज होतो. बाळ उपाशीच दमून झोपतं आणि घरचे म्हणतात, पोट भरलं. पाहायची रीत साधी आहे. धुतलेली करंगळी जिभेखाली एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरवायची. मऊ लागलं तर ठीक. मधे तार लागली तर थांबायचं आणि बाळाचं पिणं पाहायचं. वरच्या ओठाखालीही असाच एक पडदा असतो, पण त्याला बहुतेक वेळा हात लावावा लागत नाही, पाजताना ओठ बोटानं बाहेर उलटवला की पुरतं.

मुलीची जीभ त्यांनी सोडवली. मग तिला वरच्या ओठावर गूळ लावून तो जिभेनं चाटायचा, टाळूला जीभ लावून सोडायची, असे व्यायाम दिले. ल आधी आला, र सगळ्यांत शेवटी.

मी डॉक्टरांना म्हातारीबद्दल विचारलं, आणि माझ्या पळण्याबद्दल सोडून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जीभ बांधलेली असली म्हणून माणूस मुकं होत नाही. अक्षरं अडतात, एवढंच. तिला ऐकूही कमी येत असेल, किंवा लोक हसले असतील आणि तिनं बोलणं सोडलं असेल. पण ती तुम्हाला घाबरवत नव्हती, सिस्टर. ती निदान सांगत होती."

त्या रात्रीचा हिशोब मी देत बसत नाही. झोप आली नाही, एवढं पुरे. डॉक्टरांनी त्या तीन महिन्यांत दोन बाळांचे पडदे माझ्या हातून कापवून घेतले. "कायद्यानं हे तुमचं काम नाही," ते म्हणाले, "पण तुमच्या अकरा गावांत मी नसेन."

मी परत आले तेव्हा पुन्हा वेचणी चालू झाली होती, आणि पारूला मुलगी होऊन पाच दिवस झाले होते. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी स्वतःच बंडी करून गेले.

हिरामण घरीच होता. बाळाचे डोळे खोल गेले होते आणि रडण्याला आवाज राहिला नव्हता. नुसतं तोंड उघडायचं आणि मिटायचं. मी हात धुतले, करंगळी घातली. तार लागली, ताठ, टोकापर्यंत.

"याडी कुठंय?" मी विचारलं.

त्यानं मान खाली घातली. "वावरात खोप करून देल्ली तिले. मोठ्या माणसायनं सांगतलं, हे पोरगी गेली तर तिले मुकुटबनच्या बाजारात नेऊन सोडून दे. मुक्या बाईले कोन विचारते, तुहा तांडा कोनता म्हनून."

"आणि तू सोडशील?"

त्याची नजर दाराकडे गेली. बाहेर बंडी जुंपून ठेवलेली होती. मी येताना ती पाहिली होती.

मी त्याला म्हटलं, पाणी उकळायला ठेव, आणि वावरात गेले. कापसाच्या उभ्या पऱ्हाटीतून खोपीपर्यंत पायवाट होती. दोन्हीकडे वेचणाऱ्या बायका. मी कुठे चालले ते पाहून एकेकीचे हात थांबत गेले. म्हातारी खोपीबाहेर उन्हात बसली होती. मला पाहताच तिनं पदरानं तोंड झाकून घेतलं, घट्ट, दोन्ही हातांनी. आपलं तोंड कुणाला दिसू द्यायचं नाही, हे ती दोन वर्षांत शिकली होती.

मी तिच्यासमोर खाली बसले. तिला किती ऐकू येतं ते ठाऊक नव्हतं. मग मी तोंड उघडलं. जीभ वर उचलली आणि बोटानं जिभेखालचा पडदा दाखवला. नंतर घराकडे बोट केलं, आणि टक् असा आवाज केला.

ती माझ्या तोंडात पाहत राहिली. इतका वेळ की माझ्या जबड्याला कळ लागली आणि लाळ गळायला लागली. भर दुपारी, शंभर पावलांवर बायका उभ्या असताना, आम्ही दोघी अशा बसलो होतो. मग तिनं पदर सोडला आणि तोंड उघडलं. मी करंगळी आत घातली. जीभ जवळजवळ तळाशी शिवल्यासारखी होती. एवढा जाड पडदा मी पुढे तीस वर्षांत पाहिला नाही.

ती उठली आणि माझ्यापुढे चालायला लागली.

दारात हिरामण आडवा आला. "बाई, तिले आत नाही."

"जीभ बाहेर काढ," मी म्हटलं.

"अं?"

"काढ जीभ."

ओठांपाशी येऊन ती अडकली. मी त्याला त्याचं बोट त्याच्या जिभेखाली घालायला लावलं. मग म्हातारीनं आपणहून तोंड उघडलं, आणि मी बाळाचं उघडून दाखवलं. तो दोघींची तोंडं पाहत उभा राहिला.

"म्हंजे हे आमच्या घरचंच हाये?"

"नाक घरचं असतं ना, तसं. तुला थोडं आहे, तिला फार आहे. तू जगलास, कारण तिनं तुला कशानं तरी थेंब थेंब पाजलं असेल."

"मंग याडी जीभ दाखवून काय म्हनून राह्यली होती?"

"हेच."

तो कापसाच्या राशीला टेकून खाली बसला. त्यानं आईकडे पाहिलं नाही. त्याला पाहवलं नसावं.

कात्री उकळली. बोथट टोकांची, लहान. बाळाला हात आत घेऊन धोतराच्या फडक्यात घट्ट गुंडाळलं. डोकं म्हातारीनं धरलं, आणि तिचे हात माझ्या हातांपेक्षा स्थिर होते. बोटांनी जीभ वर उचलली, पडदा ताणला, एकदा कात्री मिटली. रक्ताचे दोन थेंब. कापडाची घडी क्षणभर दाबली आणि बाळ पारूच्या छातीशी दिलं.

त्या घरात आवाज टिकत नाही हे मी सांगितलंच. आम्ही चौघंही श्वास धरून कान देत होतो. बाळानं धरलं. सोडलं. पुन्हा धरलं. टक् आला नाही. बराच वेळ काहीच आलं नाही, आणि मग घोटाचा आवाज आला. मग दुसरा. पारू भिंतीकडे तोंड करून बसली होती ती सावकाश सासूकडे वळली.

म्हातारीनं करंगळीचं नख मला दाखवलं, आणि मग माझ्या कात्रीकडे पाहिलं. तिच्या माहेरच्या तांड्यात कुणी सुईण हे काम नखानं करत असावी. ते नख मळकं होतं, धनुर्वात होऊ शकला असता. पण आधीच्या बाळाच्या वेळी मी तिला बाजूला सारलं नसतं, नुसतं बाळाच्या जिभेखाली पाहिलं असतं, तर नखाची गरजच पडली नसती.

त्या वर्षी माझं नाव झालं, आणि ते थोडं डोक्यातही गेलं. पुढल्या काही महिन्यांत मी दोन पडदे असे कापले जे न कापताही चाललं असतं. बाळ दूध नीट पीत असेल तर तार लागली तरी हात मागे घ्यायचा, हे शिकायला मला वेळ लागला. बाळांना काही झालं नाही. तरी लिहून ठेवते.

म्हातारीला मी यवतमाळला न्यायचं म्हटलं. तिनं मान हलवली. नाही. तांड्यात मात्र आता प्रत्येक बाळंतिणीकडे तिला बोलावणं जाऊ लागलं. ज्या माणसांनी तिला बाजारात सोडायचं ठरवलं होतं, तीच तिच्यासाठी बंडी पाठवत. ती हात धुवायची, करंगळी घालायची आणि मान हलवायची. माझ्याकडे तिनं चार बाळं पाठवली, आणि चारही खरी निघाली. तरी तिला सगळे मुकीच म्हणत. नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. लग्न होऊन लांबच्या तांड्यातून आलेली, नवरा कधीचा गेलेला, मुलगा तिला याडी म्हणायचा.

हिरामणच्या मुलीचं नाव शेवंती. आईबाप वावरात आणि ही दिवसभर आजीजवळ. ती चार वर्षांची असताना मी देवीची लस टोचायला तांड्यात गेले. अंगणात कडुलिंबाखाली दोघी बसल्या होत्या. लांबून मला वाटलं की दोन म्हाताऱ्या बोलताहेत. जवळ गेले तर पोर बोलत होती, पण जीभ खाली दाबून, घशातून, तोंड न हलवता. म्हातारी तशाच आवाजात उत्तर देत होती. मी आजवर तिच्या तोंडून टक् सोडून काही ऐकलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला, दिवसाढवळ्या.

मला पाहून शेवंतीनं जीभ सोडली आणि स्वच्छ बोलली, "नर्सबाई, सुई नोको."

"तू आजीशी काय बोलत होतीस?"

"तिचं बोलनं."

"तुला समजतं?"

"समजते न. तिचं नाव गोमली हाये. तुमाले नाही मालूम?"

मी म्हातारीकडे पाहिलं. तिनं मान हलवली. हो.

मग ती माझ्याकडे पाहत काहीतरी बोलली. जड, ओले, एकात एक मिसळलेले आवाज. शेवंतीनं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "आजी म्हनते, माह्या मोठ्या बहिनीच्या वक्ती तुमी पळाल्या काहून?"

पोरीला त्या बहिणीबद्दल घरात कुणी सांगितलेलं नव्हतं. पारूनं मला ते नंतर सांगितलं. पण तेव्हा मी तो विचार केला नाही. मी म्हटलं, "तिला सांग, मी घाबरले होते."

शेवंतीनं जीभ दाबली आणि ते सांगितलं. म्हातारीनं ऐकलं. मग बोलायला लागली, आणि बोलतच राहिली. कधी हात छातीशी नेई, कधी घराकडे दाखवी. रागावली होती की समजावत होती, मला कळेना. मी शेवंतीकडे पाहिलं. तिला कंटाळा आला होता. कुंपणाशी शेळीचं पिल्लू ओरडलं, तशी ती उठली आणि त्याच्यामागे धावत गेली.

मी सुयांची पेटी बाजूला ठेवली आणि गोमलीबाईंचं बोलून होईपर्यंत तिथेच बसून राहिले.